गप्प माणसांची दुभाषी

करामा, १४ नोव्हेंबर

अहो,

सुजीत उद्या पुण्याला निघालाय, म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा पाठवता. म्हटलं कागदावर लिहावं, निदान मध्येच फोन तरी ठेवता येणार नाही. सोबत खजूर आहेत आणि तुमच्या गुडघ्याचं मलम. ते पुण्यातही मिळतं हे मला माहीत आहे.

मला नोकरी लागली. बास्केटबॉलच्या टीममध्ये. हसून घ्या, मिहिकाही हसली. टीम अमेरिकन आहे. मालक अमेरिकन, कोच अमेरिकन, बहुतेक खेळाडू अमेरिकन, शिव्याही अमेरिकन, फक्त राहते आणि खेळते दुबईत. यंदा त्यांनी चीनमधून एक नवा पोरगा आणलाय. त्याला इंग्रजी जेमतेम येतं, म्हणून दुभाषी हवा होता. ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारात मी ज्या दुकानदारांचं चिन्यांशी बोलणं करून द्यायचे, त्यांच्यातल्या नबिलाने माझं नाव सुचवलं. तुमच्या टाइल्सच्या कामापायी चीनमध्ये फोशानला आठ वर्षं काढली, भाजीवालीशी भांडून भांडून चिनी शिकले, ती भांडणं आता पगार देतायत.

तुमची कंपनी बंद पडली, तुम्ही ‘जरा पुण्याला जाऊन येतो’ म्हणालात आणि गेलात ते गेलातच. तेव्हापासून माझ्या व्हिसाचा नुसता गोंधळ चालला होता. आता टीमचा व्हिसा मिळालाय. पण त्यातही मेख आहे. पोराला ठेवायचं की घरी पाठवायचं हे दहा जानेवारीला ठरणार, त्यांच्यात तशी पद्धतच आहे. तो टिकला तर मी टिकले. तो गेला तर माझा व्हिसा खलास.

पोराचं नाव मेंग वेईरान. शानदोंगचा, एकवीस वर्षांचा, सात फूट उंच. आपल्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकून येतो आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहतो. मला ‘आयी’ म्हणतो. त्यांच्यात काकू-मावशीला तसंच म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण चीन सोडल्यावर इतक्या वर्षांनी कोणीतरी तशी हाक मारली आणि मी दचकले. मिहिका म्हणाली, ग्रेट, नाऊ आय हॅव अ सेव्हन-फुट ब्रदर.

अमेरिकन टीममध्ये नव्या पोराला वर्षभर छळायची रीत आहे. छळायचं म्हणजे काय, तर सकाळी सगळ्यांसाठी डोनट आणायचे, मोठ्यांच्या बॅगा उचलायच्या आणि पाठीला लहान मुलींची गुलाबी दप्तरपिशवी लावून विमानतळावर हिंडायचं. पोरगं लाजलं की बाकीचे हसतात. आमच्या वेईरानने काय केलं, तर डोनटचा खोका घेऊन प्रत्येकासमोर गेला, दोन्ही हातांनी दिला, मान झुकवली. मोठ्यांची सेवा करायला मिळाली म्हणून मनापासून खूश होता. हसायला बसलेले सगळे अवघडले. कॅप्टन डॅरेल, छत्तीस वर्षांचा धिप्पाड गडी, तो तर उठून उभाच राहिला. एका खोक्याचे साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये, आणि हे रोज. ते जाऊ दे.

मिहिका परत विचारत होती, बाबा कधी येणार. मी म्हटलं, एप्रिलनंतर बघू म्हणालेत. तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत, पण पोरीला काहीतरी सांगायला हवं होतं.

सुमेधा


करामा, ३० नोव्हेंबर

अहो,

सुजीतबरोबर पाठवलेली भाजणी पोचली. छान खमंग आहे. जोशीबाईंकडची ना? चिठ्ठी नव्हती. मी पिशवी पुन्हा झटकून पाहिली, मग स्वतःचाच राग आला. मिहिकाला म्हटलं, बाबांनी तुझ्यासाठी मुद्दाम पाठवली, थालीपीठ करून खा म्हणालेत. तिने खाल्लं, आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आभा परवा जातेय, तिच्याबरोबर हे.

वेईरानचं काही खरं दिसत नाही. खेळतो सुरेख, यात वाद नाही. एवढा मोठा देह, पण पाय मांजराचे. अडचण वेगळीच आहे, ती तुम्हाला नीट सांगते, कारण मलाही समजायला वेळ लागला. उंच माणूस मागे, बास्केटजवळ उभा असतो. त्याला सगळं मैदान दिसतं. पुढचा गडी समोरच्याच्या मागे धावत असतो, त्याला पाठचं काही दिसत नाही. समोरच्या टीमचा एखादा रेडा गुपचूप त्याच्या पाठीशी येऊन भिंतीसारखा उभा राहतो. याला ते स्क्रीन म्हणतात. मागच्याने ओरडायचं असतं, ‘डॅरेल, लेफ्ट!’ मग डॅरेल वळतो. नाही ओरडला तर डॅरेल त्या भिंतीवर आदळतो. खेळाडू चुकला तर आमचा कोच चिडतो, पण गप्प राहिला तर त्याचा तोल जातो.

आणि हा गप्प. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. दिसत सगळं असतं, डोळे बरोबर तिकडे जातात, ओठ हलतात, आवाज नाही. मी विचारलं, का रे बाबा. म्हणाला, “आयी, डॅरेल-ग माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा आहे. मी त्याला नुसत्या नावाने कशी हाक मारू, आणि हे कर ते कर असं कसं सांगू?” ग म्हणजे दादा. मी त्याला म्हटलं, मैदानात दादा-बिदा कोणी नसतं. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सराव संपला की कोच हॅनिगन याच्यासमोर येऊन उभे राहतात, पंधरा मिनिटं बोलतात, मी सगळं चिनीत करून सांगते. मग ते माझ्याकडे वळून विचारतात, काय म्हणतोय तो? तो काहीच म्हणालेला नसतो. जमिनीकडे बघत असतो. आता सात-आठ माणसं तोंडाकडे बघत असताना मी काय सांगणार? मी सांगते, तो म्हणतोय, समजलं कोच, उद्यापासून नक्की. कोचचा चेहरा जरा निवळतो, खांद्यावर थाप मारतात, गुड किड म्हणतात. काम भागतं. हे मला सहज जमतं. सवय आहे.

तुमच्या आईंशी दर रविवारी फोनवर तुमच्या वतीने मीच बोलायचे, आठवतंय? मिहिकाचा बारावीचा रिझल्ट लागला तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. मी आत जाऊन तिला सांगितलं, बाबांना फार अभिमान वाटला गं, बोलून दाखवत नाहीत इतकंच. तुम्हाला खरंच वाटला होता का, हे मी कधी विचारलं नाही. वाटला असेलच.

डिसेंबरच्या सुट्ट्यांत इथे गर्दी उसळेल. घरभाड्याचं वगैरे मी बघून घेते, त्याची काळजी नको. करत असाल तर.

सुमेधा


करामा, १७ डिसेंबर

अहो,

आज फार लिहिणार नाही, अंगात त्राण नाही.

काल शारजात मॅच होती. तिसऱ्या भागात समोरच्यांचा एक अंगापिंडाने दांडगा लेबनीज खेळाडू डॅरेलच्या पाठीशी येऊन उभा राहिला. मी बाकावरून बघत होते. वेईरानने पाहिलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, त्याने अगदी वेळेवर पाहिलं होतं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. डॅरेल जोरात धावत जाऊन त्या माणसावर आदळला आणि जो खाली पडला तो उठलाच नाही. बरगडीला तडा गेलाय. छत्तिसाव्या वर्षी बरगडी म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आत खोलीत गेल्यावर कोच ओरडले नाहीत. तेच वाईट होतं. वेईरानसमोर खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे म्हणाले, तुला दिसलं होतं का? मी ते चिनीत विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. कोच माझ्याकडे वळले.

“काय म्हणतोय तो?”

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. तो म्हणतोय की उशीर झाला, तो म्हणतोय की फार वाईट वाटतंय. ते वाक्य बाहेर आलं नाही. का ते माहीत नाही, दमले होते बहुतेक. मी म्हटलं, “तो काही म्हणत नाहीये, कोच. तो आजवर एकदाही काही म्हणाला नाही. जे ऐकलंत ते सगळं माझं होतं.”

मग काय व्हायचं ते झालं. कोच म्हणाले, मी महिनाभर तुझ्याशी बोलत होतो तर. यापुढे मी बाकावर बसायचं नाही, वर प्रेक्षकांत बसायचं, बोलावलं तरच खाली यायचं. काढून टाकलं नाही, कारण दहा तारखेपर्यंत दुसरा दुभाषी कुठून आणणार. माझं काय म्हणता येत नाही, पण पोराचं तर आटोपल्यातच जमा आहे. कोणीतरी त्याची परतीची विमानं बघायलाही लागलंय.

आणि तो माझ्यावर चिडलाय. बसमध्ये शेजारून गेला, बघितलं नाही. इतके दिवस त्याला झाकून ठेवलं आणि एका क्षणात सगळ्यांसमोर उघडं पाडलं. त्याचं चुकतंय असंही मी म्हणू शकत नाही.

माझं तर डोकंच चालत नाहीये. आज भाजी करपली आणि मी बघत उभी राहिले. तुम्ही इथे असतात तरी काही बोलला नसतात, पण गॅस तरी बंद केला असतात.

सुमेधा


करामा, ३ जानेवारी

अहो,

नवीन वर्षाचं तुम्ही मिहिकाला फूल पाठवलंत. गुलाबाचं, चकाकणारं, खाली हिंदीत शायरी असलेलं. कुठल्याशा ग्रुपवरून आलेलं पुढे ढकललं होतंत ना? तिने मला दाखवलं नाही, मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. या वेळी मी बाबांच्या वतीने काही बोलले नाही. जड गेलं.

वेईरान ख्रिसमसनंतर एके दुपारी न सांगता दारात उभा. हातात संत्र्यांची जाळी. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि तुमच्या भाजणीची दोन थालीपिठं त्याने खाल्ली, मग पाटावर बसल्यासारखा जमिनीवरच बसून राहिला आणि आपणहून बोलायला लागला. मी मध्ये एक शब्द टाकला नाही. माझ्यासाठी ते किती अवघड आहे, तुम्ही जाणताच.

बाराव्या वर्षी त्याला घरून उचलून सरकारी क्रीडाशाळेत घातलं. तिथे लहानांनी मोठ्यांचे मोजे धुवायचे आणि तोंड बंद ठेवायचं. मैदानात ओरडायचं काम एकट्या कॅप्टनचं. एकदा याला समोरचा दिसला आणि हा कॅप्टनला नावाने ओरडून बसला. कॅप्टनने वळून बॉल अडवला, मॅच जिंकलीही. रात्रीच्या जेवणाला सगळ्या टीमसमोर याला उभं केलं आणि विचारलं, तुझी उंची वाढली म्हणून तू मोठा झालास का? एवढंच. मारलं नाही, काही नाही. पण त्या दिवसापासून घशाशी काहीतरी अडकतं, म्हणाला. मग म्हणाला, त्या दिवशी तू माझी अब्रू घालवलीस आयी, मला फार राग आला होता, पण डॅरेल-गला दवाखान्यात भेटायला गेलो, मला दिसलं होतं हे मोडक्या इंग्रजीत कबूल केलं, तेव्हा तो म्हणाला, नाऊ आय नो यू सॉ इट. आता तरी मला कळलं की तुला दिसलं होतं. इतके दिवस त्याला वाटायचं की याला खेळच समजत नाही. खोटं बोलून मी पोराला वाचवत नव्हते हो, मठ्ठ ठरवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिकाम्या हॉलमध्ये गेलो. एका बाजूला मी, चपला काढून, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून, आणि एका बाजूला हा ताडमाड. मी म्हटलं, मी डॅरेल आहे, मार हाक. त्याला हाक मारता येईना. मी रागावले, समजावलं, हात टेकले. शेवटी म्हणाला, आयी, तू तुझ्या नवऱ्याला काय म्हणतेस?

मी म्हटलं, अहो. त्याने विचारलं, ते नाव आहे का? म्हटलं, नाही, नाव नाही, त्याचा काही अर्थ होत नाही, नुसतं अहो. नाव नाही घेत आम्ही. आणि अहो, तो चक्क हसला. पहिल्यांदा हसताना बघितलं त्याला, पुढचा एक दात जरा तुटकाच आहे. हसता हसता खालीच बसला आणि म्हणाला, “मग आधी तू.”

आता सात फुटांच्या पोरापुढे माघार कशी घेणार? मी म्हटलं, बघ. आणि छाती भरून ओरडले, संजय! डावीकडे!

हॉलभर घुमलं. फरशी पुसणारा नेपाळी भाऊ काम थांबवून बघायला लागला. सत्तावीस वर्षांत मी तुमचं नाव फक्त उखाण्यात आणि पासपोर्टच्या ऑफिसात घेतलंय. तोंडाला अगदी परकं वाटलं. आणि एकदा ओरडल्यावर मला थांबताच येईना, मी आणखी दोनदा ओरडले. घसा खरवडून निघाला. मग मला रडू आलं, तो घाबरला आणि बहुधा ते थांबवण्यासाठीच जोरात ओरडला, डॅरेल! लेफ्ट! केवढा आवाज हो त्याचा. एवढ्या छातीत तो इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे.

आता एक गोष्ट लिहिते, ती कोणाला सांगण्यासारखी नाही. त्याचा आवाज ऐकून मला आनंद झाला आणि त्याच क्षणी मनात आलं, हा बोलायला लागला तर माझं काय काम? व्हिसा आठवला. त्या विचाराची लाज वाटली, पण तो आला खरा.

पुढच्या शुक्रवारी दहा तारखेआधीची शेवटची मॅच. डॅरेल छातीला पट्टा बांधून खेळणार म्हणतोय.

सुमेधा


करामा, ११ जानेवारी

संजय,

या वेळी कोणी जाणारं नाही, म्हणून कागदाचे फोटो काढून पाठवते आहे. मोठे करून वाच. आणि हो, मायना बरोबर वाचलास. ‘अहो’ लिहायला घेतलं होतं, हात पुढे जाईना.

शुक्रवारी मी वर प्रेक्षकांत होते, एका फिलिपिनो कुटुंबाच्या शेजारी. पहिली पाच मिनिटं वेईरान नेहमीसारखा मुका. मग डॅरेलच्या पाठीशी कोणीतरी आलं, आणि माझ्या शेजारचं बाळ दचकून रडायला लागलं इतक्या जोरात खालून आवाज आला. डॅरेल! लेफ्ट! डॅरेल वळला. एवढंच. त्यातून काही बास्केट-बिस्केट झाली नाही. पण मग पोराचं तोंड जे सुटलं ते मिटेचना. सगळ्यांना नावाने ओरडत होता, कोचला सुद्धा काहीतरी ओरडला. एकदा चक्क उलटी बाजू सांगितली आणि डॅरेल दुखऱ्या बरगडीनिशी पुन्हा तसल्याच माणसाच्या भिंतीवर आदळला. माझा जीव गेला. डॅरेल उठला, कळवळत त्याच्याकडे आला, त्याचं डोकं खाली ओढून स्वतःच्या कपाळाला लावलं आणि म्हणाला, चुकलास तरी चालेल, बोलत राहा. हे मला नंतर समजलं. मॅच आम्ही हरलो.

काल सकाळी कोचनी ऑफिसात बोलावलं. वेईरान आधीच बसलेला. कोच म्हणाले, तो राहतोय, सही झाली. मी चिनीत सांगायला तोंड उघडलं तर पोराने हात वर केला. मोठ्यांना थांबवायला म्हणून हात वर करायची त्याची ही पहिलीच वेळ असणार.

“कोच, आय से,” म्हणाला. मग माझ्याकडे वळून, इंग्रजीतच, एक एक शब्द उचलून ठेवत म्हणाला, “आयी, नो मोअर. यू हिअर, आय नो टॉक. यू गो, आय टॉक.”

कोचनी सवयीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय म्हणतोय तो? इंग्रजीत बोलला होता बिचारा.

मी म्हटलं, तो बरोबर म्हणतोय.

महिनाअखेरपर्यंतचा पगार देणार आहेत, मग व्हिसा कॅन्सल. त्यानंतर काही आठवडे असतात हातात. वेईरान बाहेर जिन्यापाशी आला, वाकला, इतका की त्याचं डोकं माझ्या खांद्याशी आलं, आणि मग चिनीत, अगदी मोठ्या माणसासारखं म्हणाला की तुला माझा राग येणं साहजिक आहे. मी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. राग आलाच होता. मी उभा केला, बोलता केला, आणि त्याने तोंड उघडून पहिली गोष्ट काय सांगितली तर तू जा. मेट्रोत लेडीज डब्यात उभी राहून रडले, एका मुलीने टिश्यू दिला. अभिमानही वाटत होता, ते निराळंच. दोन्ही एकदम वाटत होतं आणि मला बसायला जागाही नव्हती.

घरी आले तर मिहिका भांडी लावत होती. तिला मी सगळं सांगितलं. टीमचं सांगितलं, आणि तेही. म्हटलं, बाबा एप्रिलनंतर येतो म्हणाले नव्हते. भाजणी तुझ्यासाठी आहे असं म्हणाले नव्हते. बारावीच्या वेळी अभिमान वाटला, असंही म्हणाले नव्हते. तुझ्या दहाव्या वर्षापासून बाबांची जेवढी वाक्यं तू ऐकलीस ती सगळी माझी आहेत.

ती ताट पुसत राहिली. मग म्हणाली, “आय नो, आई. बाबा डझन्ट टॉक इन फुल सेंटेन्सेस.”

तिला ठाऊक होतं रे. इतकी वर्षं. माझ्यासाठी ऐकून घेत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. मी दोघांचं नातं सांभाळतेय अशा समजुतीत होते आणि पोरगी मला सांभाळत होती. तुला तरी कशाला बोलायची गरज वाटावी? तू गप्प बसायचास आणि मी लगेच तुझी जागा भरून काढायचे, तुझ्याहून चांगल्या भाषेत. मी तुला दोष देत नाहीये. देतेय, थोडा देतेय. कंपनी बंद झाली तेव्हा तुला लाज वाटली असेल, इथे बायकोच्या कमाईवर बसायचं नसेल, किंवा माझाच कंटाळा आला असेल. यातलं कुठलं खरं, हे मी आजवर तुझ्या वतीने स्वतःला सांगत आले. आता तेही बंद. मी दमले संजय. दुसऱ्यांची वाक्यं बोलून बोलून माणूस फार दमतो.

उद्या शारजात रोल्लाजवळच्या एका शाळेत जाऊन येणार आहे. त्यांना चिनी शिकवायला बाई हवी आहे. जमलं तर व्हिसा त्यांचा. नाही जमलं तर मिहिका म्हणतेय की ती बघेल, तिचा पगार पुरेसा आहे की नाही ते विचारावं लागेल. काहीही झालं तरी व्हिसा संपला म्हणून मी पुण्याला येणार नाही. कोणी बोलावलं तर येईन, आणि अजून कोणी बोलावलेलं नाही.

मिहिका तुला फोन करणार नाही असं म्हणाली. तिला विचारायचं होतं ते तिचं केव्हाच विचारून झालंय. नंबर तुझ्याकडे आहे. तू केलास तर मी आतल्या खोलीत जाईन, दार लावून घेईन, आणि तू अडखळलास तरी बाहेर येणार नाही. उलटंसुलटं बोललास तरी चालेल.

मी सध्या दोघींचीच कणीक भिजवते. तिघांची भिजवायची असेल तर सांग. नसेल, तर तेही तूच सांग.

सुमेधा